पीठाची गिरणी

जिन्याखाली वॉचमनने पास उलटा करून पाहिला,
मग माझे पाय. म्हणाला, चपला झटका, पांढरं पडतंय.
पीठच ते. चाळीस वर्षं झटकतोय.

तिसरा मजला. खिडकीच्या गजांना कुणाकुणाचे टॉवेल,
खाटांखाली थर्मास, पत्र्याचे डबे, गावाकडची सतरंजी.
अठरा नंबर शोधत मी त्याच्यासमोरून दोनदा गेलो.
दुसऱ्यांदा त्यानेच ग्लासावर चमचा वाजवला.

दामू पेंटर.
लालबाग ते काळाचौकी
याच्या हातचं नाव नसलेलं शटर शोधावं लागे.
आता गळ्याला भोक, भोकात नळी,
मांडीवर नातवाची पाटी.

बारा वर्षं बोललो नव्हतो.
कारण सांगायची लाज वाटते. वेलांटी.
माझ्या बोर्डावर त्याने लिहिलं ‘पीठाची’,
वेलांटी दुसरी, ऐटदार, मागे लाल सावली.
मी म्हटलं, चुकलंय.
तो शिडीवरून म्हणाला, पीठ ऱ्हस्व की दीर्घ?
दीर्घ.
मग गिरणीत आलं की ऱ्हस्व कसं होतं? वजनात मारतोस का?
रांगेतल्या बायका हसल्या.
मी म्हटलं, विभक्ती लागली की होतं, शाळेत शिकवतात,
आणि सहाशे रुपये कापले.
त्याने ब्रश पुसला, शिडी खांद्यावर घेतली.
बोर्ड तसाच राहिला.
बारा वर्षांत एका गिऱ्हाइकाने
मान वर करून ती वेलांटी वाचली नाही.

खिशात पाकीट होतं, सहाशेचे हजार केलेले.
काढू कसं? शेजारच्या खाटेवरचा पोरगा
मोबाइल ठेवून आमच्याकडेच बघत होता.
मी शहाळं पुढे केलं.
दामूने नळीकडे बोट दाखवलं.
मग ते माझ्याच मांडीवर घेऊन बसलो,
दुसऱ्याचं मूल धरावं तसं.

त्याने पाटी ओढली. पेन्सिलीला तीच चिमूट,
करंगळी टेकवलेली.
हात हलत होता. अक्षर हललं नाही.
‘बोर्ड आहे का’
आहे, म्हटलं. लाल जरा उडालाय.
‘पश्चिमेचं ऊन’
बाहीने पुसलं.
मग गाउनची गाठ सोडून
खांदा, बरगड्या, मनगट, एकेक दाखवत गेला,
दुकानदाराने माल दाखवावा तसा,
आणि लिहिलं:
‘विभक्ती लागली’

मी हसलो, नको तितक्या मोठ्याने.
तोही हसला. नळीतून नुसती शिट्टी आली.
शिट्टी थांबेना, तेव्हा मी घाबरलो,
पाणी देऊ का विचारलं, द्यायचं नसतं हे विसरून.

शांत झाल्यावर त्याने खाटेच्या पायथ्याशी खूण केली.
कार्ड. मी चष्मा लावला.
‘दामोदर चेदवनकर, पुरुष, ६७.’
टिंब गायब. बाणातल्या ‘ण’च्या जागी नळातला ‘न’.
तीन आठवडे हा माणूस
स्वतःच्या नावातली चूक बघत पडून होता
आणि ओरडता येत नव्हतं.

हिशेबाचं पेन काढलं. आधी टिंब दिलं.
‘ठळक’
दिलं ठळक. ‘ण’ला जागा नव्हती, कोंबला.
‘पोट बारीक आलं’
ए, म्हटलं, पेंटर तू का मी?

काका, सरकारी कागद आहे तो! सिस्टर आली.
तिने कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं.
मग त्याच्या काखेत थर्मामीटर दिला
आणि त्याविषयी काहीच बोलली नाही.

घंटा झाली. पाकीट उशीखाली सारलं.
त्याने पाहिलं की नाही, कळलं नाही.
दारापाशी वळलो तेव्हा
तो पाटी वर धरून होता, दोन्ही हातांनी.
चष्मा खिशात गेलेला, मागून लोक ढकलत होते.
शब्द लागला नाही.
वेलांटी दुसरी होती, एवढं दिसलं.